‘डूमसाठी एकच पोर्ट’ सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

डूम हा १९९३ चा गोळीबाराचा गेम. तो आजच्या मशीनवर चालवणाऱ्या नव्या प्रोग्रामांना सोर्स पोर्ट म्हणतात; जीझेडडूम, चॉकलेट डूम ही त्यांतलीच नावं. गेमिंगच्या मराठी ग्रुपांवर त्यांच्याबद्दल सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: डूम खेळायचा तर जीझेडडूमच घ्या, तो सगळ्यात आधुनिक आहे. चॉकलेट डूम हे आळशी लोकांनी अर्धवट सोडलेलं काम आहे. सोर्स पोर्ट घेतला की अख्खा गेम फुकट मिळतो. जुन्या डेमो फायली (कुणी खेळलेल्या खेळाची नोंद) चालल्या नाहीत तर त्या करप्ट समजा. मूळ डूममध्ये माऊस नव्हताच. आणि शेवटी लिंक: ‘अँटिव्हायरस बंद करा आणि फुल पॅक इन्स्टॉल करा.’

असले मेसेज मी उघडतही नाही. पण हा देवगडहून भाच्याने पाठवला, खाली प्रश्न: ‘मामा, ह्यां खरां काय?’ त्याच लॅपटॉपवर भावोजींच्या आंब्याच्या ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, पेट्यांची बिलं, सगळं आहे. आणि हा ऐन सीझनमध्ये त्याचा अँटिव्हायरस बंद करायला निघालाय!

म्हणून आधी लिंकचंच बघू. सोर्स पोर्ट म्हणजे फक्त इंजिन, गेम चालवणारा प्रोग्राम. नकाशे, राक्षस, चित्रं, आवाज हे सगळं वॅड नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतं. डूम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने २३ डिसेंबर १९९७ रोजी डूमचा सोर्स कोड खुला केला, तेव्हा सोबत डूमचा प्रोग्रामर जॉन कार्मॅकने लिहिलेली एक रीडमी, म्हणजे माहितीची फाइल, होती. छोटीशी आहे, नेटवर सहज सापडते. तीत सुरुवातीलाच स्पष्ट म्हटलंय की या कोडसोबत डूमचा खरा डेटा लागेलच, नसेल तर दुकानातून घ्या. पुढे १९९९ मध्ये कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला, पण कोडच. वॅडवरचा हक्क आयडीने सोडलेला नाही.

फुकटच हवं असेल तर सरळ वाटा आहेत. पहिल्या भागाचे नऊ नकाशे असलेली शेअरवेअर वॅड, म्हणजे नमुन्याची फाइल, फुकट वाटण्यासाठीच काढली होती. नाहीतर फ्रीडूम नावाची वॅड घ्या, त्यात राक्षसांपासून आवाजापर्यंत सगळं नव्याने केलेलं आणि मुक्त परवान्याचं आहे. शेअरवेअर वॅड ४ एमबीची, अख्ख्या डूम २ ची १४ एमबीच्या आसपास. लिंकवरचा पॅक दीड जीबीचा आहे. उरलेल्या जागेत काय भरलंय, हे बघायला अँटिव्हायरस चालू ठेवायचा की बंद करायचा?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. सही नसलेला छोटा प्रोग्राम उघडला की विंडोज कधीकधी निळी पाटी दाखवून अडवतो, आणि चांगल्या पोर्टच्याही वाट्याला ते येतं. पण त्या एका फाइलला परवानगी देणं वेगळं आणि राखणदारालाच घरी पाठवणं वेगळं. पोर्ट त्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचा. विंडोजसाठी बहुतेक पोर्ट झिप फाइलमध्ये मिळतात, ती सोडवून शेजारी वॅड ठेवली की झालं, इन्स्टॉल करायचा प्रश्नच नाही.

आता चॉकलेट डूम. हा मुद्दा वाचून मला आधी हसू आलं, मग राग. मेसेज म्हणतो, ३२० गुणिले २०० चं रिझोल्यूशन आणि सेकंदाला ३५ फ्रेम अजून ठेवल्यात, जुने बगही तसेच, म्हणजे यांना काम येत नाही. अहो, तेच तर काम आहे! १९९३ च्या डिसेंबरात आलेला डॉसवरचा डूम जसा वागायचा, तसाच आजच्या मशीनवर वागावा हाच त्या पोर्टचा उद्देश. एका दृश्यात जमिनी आणि छतांचे तुकडे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की मूळ डूम संदेश टाकून बंद पडायचा. चॉकलेट डूमही तिथेच बंद पडतो, मुद्दाम. जुन्या इंजिनासाठी नकाशा बनवणाऱ्याला आपला नकाशा तिथे टिकेल का, हे असंच तपासता येतं. तो बग ‘दुरुस्त’ केला की पोर्टचा उपयोगच संपला. ज्यांना हे सोवळं नको त्यांच्यासाठी त्याच कोडवरून निघालेला क्रिस्पी डूम आहे. त्यात रिझोल्यूशन दुप्पट, त्या मर्यादा काढलेल्या, खेळ मात्र जुन्या चालीचा.

डेमोचंही तेच. डेमो फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. सेकंदाला ३५ वेळा खेळाडूने काय केलं, पुढे गेला, वळला की गोळी झाडली, एवढंच त्यात नोंदलेलं असतं. राक्षसांचं नशीबसुद्धा २५६ आकड्यांच्या ठरलेल्या यादीतून येतं, म्हणून इंजिन हुबेहूब तेच असेल तर सगळा खेळ तसाच्या तसा पुन्हा घडतो. ‘स्टँडपासून चाळीस पावलं सरळ, मग डावीकडे’ असं सांगितलं आणि मधला रस्ता कुणी हातभर सरकवला, तर माणूस गडग्यावर आपटणार. जीझेडडूमने आतले नियम इतके बदललेत की मूळ डूमचे डेमो त्यावर चालत नाहीत. तीच फाइल डीएसडीए-डूम या दुसऱ्या पोर्टला द्या, बरोबर कंपॅटिबिलिटी लेव्हल (कुठल्या जुन्या इंजिनासारखं वागायचं ते) निवडली की नीट चालते. करप्ट कुठे झाली?

जीझेडडूम वाईट आहे असं मी म्हणत नाही. रंगीत दिवे, एकावर एक मजले, मोठमोठे मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल), यासाठी तोच घ्यावा. पण ‘सगळ्यांनी’? त्याचा नेहमीचा रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा भाग, ग्राफिक्स चिपकडून ओपनजीएल ३.३ मागतो. भाच्याच्या लॅपटॉपमधली इंटेल एचडी ३००० ही चिप विंडोजवर ३.१ च्या पुढे जात नाही. तिथे क्रिस्पी डूम आरामात चालतो.

माऊसचं अर्धंच खरं. मूळ डूममध्ये माऊस होता, त्याने डावी-उजवीकडे वळता यायचं, माऊस पुढे ढकलला की माणूस पुढे सरकायचा. वर-खाली बघणं आणि उडी नव्हती, हे कबूल. त्याच रीडमीत कार्मॅकने पुढच्या लोकांना जी कामं सुचवलीत, त्यांत वर-खाली बघणं आणि उडी मारणं दोन्ही आहेत. म्हणजे ती मागाहून आलेली भर. जुने नकाशे तिचा विचार करून बनवलेले नाहीत, उडी मारून किल्लीशिवाय पलीकडे जाता येतं आणि कोड्याची वाट लागते. जीझेडडूमच्या सेटिंगमध्ये उडी बंद करता येते, ती करा.

चुलत भावंडांना एका वायफायवर मिळून खेळायचं असेल, तर सगळ्यांकडे एकच पोर्ट, त्याची एकच आवृत्ती आणि तीच वॅड हवी. एवढ्या लांब मेसेजमध्ये ही कामाची सूचना मात्र कुठेच नाही.