मावळा घोड्यावर झोपायचा म्हणे

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटी ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. मावळा बाराही महिने लढायचा, पगार घ्यायचा नाही, शेतातली कणसं चोळून पोट भरायचा, घोड्यावरच झोपायचा आणि २० किलोची तलवार फिरवायचा. भावना कळतात हो, पण जरा थांबा.

तलवारीचं आधी उरकतो. खऱ्या तलवारी साधारण किलो-दीड किलोच्या. २० किलोचं काहीतरी उचलून पाच मिनिटं फिरवून बघा, मग बोलू.

बाराही महिने लढाई? शिवाजी महाराजांची बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद स्पष्ट लिहितो, पावसाळ्याचे चार महिने छावणी आणि दसऱ्याला कूच, उरलेले आठ महिने मुलूखगिरी, म्हणजे परमुलखात स्वारी. आपण आपट्याची पानं वाटतो ते सीमोल्लंघन हेच की. आणि त्याच बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा), एक नालबंद (नाल ठोकणारा) असा हिशोब आहे, म्हणजे घोड्यांचं पाणी, नाल बघणं हे रोजचं मोठं काम असणार. घोड्यावर झोपला तर घोड्याने विश्रांती कधी घ्यायची?

पगाराचं तर काय बोलावं. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा, पगार दोघांनाही. निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी, परत आल्यावर झाडा, म्हणजे झडती, जास्त निघालं की ते सरकारात जमा! फुकट लढणाऱ्याला कोण असा झाडा लावतं? पुढे पेशवाईत १७७३ ला गारदी (पेशव्यांचे पगारी शिपाई) शनिवारवाड्यात घुसले तेव्हा आरडाओरडा थकलेल्या पगाराचाच होता (आत नारायणराव पेशव्यांविरुद्धचा कट वेगळा होता, ते सोडा).

पण मला खरी चीड आली ती कणसांवर. अहो, महाराजांनी चिपळूणच्या छावणीला पाठवलेलं पत्र वाचा की एकदा. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, आत्ताच उधळलीत तर घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, रयतेकडून दाणा, भाकर, गवत, भाजी काही उचलू नका, लागेल ते बाजारातून विकत आणा, असं त्यात बजावलंय. आणि तुम्ही त्याच मावळ्याला शेतकऱ्याच्या उभ्या पिकात घुसवताय, वर त्याला शौर्य म्हणताय.

त्याच पत्रात असंही आहे की रात्री दिवा जळत ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. कोणी तंबाखू ओढायला विस्तव घेतो त्यावरही ताकीद आहे. म्हणजे गडी छावणीत निवांत चिलीम ओढत बसायचे, जमिनीवर.