जुलैतले जलरंग

स्क्रीनवरचं आकाश कधी वाळत घालावं लागत नाही. रंग भरला की झालं. इतकी वर्षं टॅब्लेटवर चित्रं काढून काढून वाळणं नावाची गोष्ट मी पार विसरूनच गेलो होतो. त्यामुळे पुन्हा कागदावर जलरंगात काम करायचं ठरवलं, तेव्हा मुहूर्त काढला जुलैचा. सांताक्रूझला ज्या महिन्यात सरासरीनेच ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो जुलै.

कागद आणला ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाडजूड, शंभर टक्के कॉटन. किंमत ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात एक चादर आली असती. कॉटनचीच." कागद बोर्डावर ताणायला गमटेप काढली, तर हवेतल्या ओलीने अख्खा रोल आधीच स्वतःला चिकटून बसलेला.

विषय खिडकीबाहेरचाच. समोरच्या चाळीच्या छपरावर निळी ताडपत्री, वर काळं आभाळ. आभाळासाठी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. या दोघांचा राखाडी म्हणजे काय चीज आहे! अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत आपोआप जाऊन बसतात. हीच रवाळ पोत स्क्रीनवर आणायला मी पैसे मोजून ब्रश विकत घेतले होते.

आभाळ मनासारखं उतरत होतं. तेवढ्यात एक ओघळ निसटला आणि माझ्या डाव्या हाताने, मला न विचारता, कागदावर दोन बोटं टेकवली. टॅब्लेटवर दोन बोटं टेकली की शेवटची रेघ पुसली जाते. इथे ओघळ जागेवरच राहिला आणि शेजारी दोन ठसे उमटले, आधारला चालतील इतके स्वच्छ. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्रही जलरंगातलंच. त्यातल्या बाईच्या बोटांमधून दिव्याचा उजेड झिरपतो. बोटांचं काम आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय, एवढं म्हणायला हरकत नाही.

ठशांवर ढग चढवले. आता वाळवायचं होतं. घरात पंखे दोन. एकाखाली मुलीचा युनिफॉर्म, दुसऱ्याखाली आई.

"आई, जरा सरकतेस का? आभाळ वाळवायचंय."

"बाहेरचं वाळव आधी," आई जागची न हलता म्हणाली.

शेवटी युनिफॉर्मला थोडं बाजूला सारून बोर्ड ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने कडा वाळल्या, मधलं तळं तसंच. मग तळ्यातलं पाणी हळूहळू वाळलेल्या भागात शिरलं आणि ऐन ढगात फ्लॉवरचा गड्डा उगवला. त्यावर हेअर ड्रायर मारला, तर गड्ड्याला कोवळी पानंही फुटली. पंखा बंद करावा, तर कपाळावरून घाम थेट ताडपत्रीवर. पाणी, निदान, निळ्या ताडपत्रीवरून ओघळत होतं. वास्तववाद म्हणायचा.

रात्री बोर्ड फ्रिजच्या मागे उभा केला, कारण घरात कोरडी ऊब असलेली तेवढी एकच जागा. तिथे आधीच मुलीचे मोजे होते.

जलरंग वाळल्यावर फिका पडतो, हे सकाळी आठवलं. रात्रीचं काळंकुट्ट आभाळ मस्त उजळलं होतं. मुलीने मोजे काढता काढता चित्र निरखलं.

"बाबा, तुमच्या चित्रात ऊन पडलंय."

"हं."

"मग माझे बूट त्याच्यासमोर ठेवू?"