स्केटच्या पात्याखाली खरंच पाणी होतं का?

हिवाळी ऑलिंपिक जवळ आलं की व्हॉट्सॲपवर एक निरोप हमखास उगवतो. या खेपेला तो आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि त्यावर भराभर अंगठे पडले. मजकूर थोडक्यात असा: स्केटचं पातं अरुंद, म्हणून बर्फावर प्रचंड दाब, दाबाने बर्फ वितळतो, पाण्याच्या थरावरून खेळाडू सरकतो आणि तो पुढे गेला की पाणी पुन्हा गोठतं. म्हणून पातं जितकं बारीक, खेळाडू जितका वजनदार आणि बर्फ जितका थंड, तितका वेग जास्त.

हे खोटं म्हणायला गेलं की लोक दहावीचं विज्ञानाचं पुस्तक पुढे करतात. पुनर्हिमायन! म्हणजे दाबाने वितळलेला बर्फ दाब हटताच पुन्हा गोठणं. बर्फाची लादी, तिच्यावरून टाकलेली तार, तारेच्या दोन्ही टोकांना वजनं. तार लादीतून आरपार जाते आणि लादी अखंड राहते. प्रयोग खराच आहे. दाबाने बर्फाचा द्रवणांक, म्हणजे वितळण्याचं तापमान, उतरतो, हे जेम्स थॉमसनने १८४९ मध्ये गणिताने मांडलं आणि त्याच्या भावाने, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्या विल्यमने, लगोलग मोजून दाखवलं. त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो किती उतरतो याचा, आणि नेमका तोच निरोपात नाही.

कागद-पेन्सिल घ्या. खेळाडू ७० किलोचा, एका पायावर उभा. फिगर स्केटचं पातं साधारण ४ मिलिमीटर रुंद. ते किंचित बाकदार असल्याने एका वेळी समजा १० सेंटिमीटरच बर्फाला टेकतं. क्षेत्रफळ झालं ४ चौरस सेंटिमीटर. ७० भागिले ४, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेसतरा किलो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास १७ पट. ऐकायला जबरदस्त. पण द्रवणांक एक अंशाने उतरवायला सुमारे १३५ पट दाब लागतो. आपल्या हाती आला तो अंशाचा जेमतेम आठवा भाग! पातं तिरकं करून एका कडेवर उभं राहिलात आणि टेकलेला भाग दहापट कमी झाला असं धरलं, तरी सव्वा अंश. स्पीड स्केटिंगचा बर्फ असतो उणे ७ अंशांच्या आसपास. आइस हॉकीचाही थंड आणि कडकच ठेवतात. नुसता उणे ५ चा बर्फ दाबाने वितळवायचा तर वातावरणाच्या सुमारे ६०० पट दाब हवा, आणि तेवढा पडायच्या आधी बर्फच चिरडून जाईल.

स्केटिंगला हे स्पष्टीकरण पहिल्यांदा चिकटवलं ते डब्लिनच्या जॉन जोली या भौतिकशास्त्रज्ञाने, १८८६ मध्ये. पात्याच्या कडेखाली ४६६ पट दाब धरूनही त्याचा हिशेब उणे साडेतीन अंशांवर थांबला होता. लेहमध्ये जानेवारीच्या कडाक्यात उणे १५ लाही पोरं तळ्यावर हॉकी खेळतात, त्यांचं काय? आणि उणे २२ अंशांच्या खाली तर दाब कितीही वाढवा, पाणी होतच नाही. बर्फ दुसऱ्याच प्रकारच्या बर्फात बदलतो.

अजून एक गोष्ट त्याच पुस्तकात, त्याच धड्यात आहे: अप्रकट उष्मा. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. दाब द्रवणांक उतरवेल, पण उष्णता कुठून आणेल? सेकंदाला दहा मीटर जाणारं पातं बर्फाच्या एका ठिकाणावर जेमतेम सेकंदाचा शंभरावा भाग असतं. लादीवरच्या तारेला निदान खोलीची ऊब मिळते आणि वेळही भरपूर मिळतो.

एवढ्यानेही पटत नसेल तर हॉकीची चकती बघा. १७० ग्रॅमची रबरी चकती, व्यास साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. तिचा बर्फावरचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अडीचशेव्या भागाइतकाही नाही. घसरते मात्र सुसाट.

मग बर्फ निसरडा का? घर्षणाच्या उष्णतेचा वाटा आहे. बाउडन आणि ह्यूज या संशोधकांनी १९३९ मध्ये आल्प्समधल्या युंगफ्राउयोखला त्यावर प्रयोग केले. पण बर्फावर नुसतं उभं राहिलं तरी पाय सटकतो, तिथे कसलं घर्षण? फॅरडेने १८५० मध्येच सुचवलं होतं की गोठणबिंदूच्या खालीही बर्फाच्या पृष्ठावर पाण्यासारखा पातळ थर असतो. म्हणून तर बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना लावले की चिकटतात. वरच्या रेणूंना धरून ठेवणारे शेजारी कमी, त्यामुळे ते सैल. या थराला पाणी म्हणायचं की आणखी काही, यावर आजही भांडणं चालू आहेत. ती मला तरी या निरोपापेक्षा जास्त रंजक वाटतात.

आता वेगाचं. ‘जितका थंड तितका वेगवान’ हेही खरं नाही. पोलाद आणि बर्फ यांच्यातलं घर्षण उणे ७ च्या आसपास सगळ्यात कमी असतं. त्याहून थंड बर्फावर पृष्ठावरचे रेणू जखडतात, त्याहून उबदार बर्फ मऊ पडतो आणि पातं रुततं. आणि तसंही बर्फाचं घर्षण इतकं क्षुल्लक आहे की स्पीड स्केटरची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. ते कंबरेत वाकून, हात पाठीवर बांधून जातात ते त्यासाठी. विश्वविक्रम पुन्हा पुन्हा सॉल्ट लेक सिटीजवळच्या रिंकवर होतात त्याचं एक मोठं कारण विरळ हवा. ती जागा १,४०० मीटरच्या वर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा किंचित उंच. वजनदार खेळाडूला बर्फ अधिक वितळवून मिळतो वगैरे काही नाही. वळणावर स्वतःचं वजन आत खेचावं लागतं तेव्हा ते जडच जातं.

पात्याची खरी करामत आडवी आहे. पुढे निसरडं असणं कुठल्याही गुळगुळीत पट्टीला जमेल. बाजूला न सटकता रेटा देऊ देणं, हे कडेचं काम. म्हणून फिगर स्केटच्या पात्याला मधोमध खोबण असते आणि दोन कडा मिळतात. स्पीड स्केटिंगमध्ये मोठी झेप आली तीही पातं बारीक करून नव्हे. ॲम्स्टरडॅमच्या फ्री विद्यापीठातल्या खेर्रित यान व्हान इंगेन स्खेनाऊ आणि सहकाऱ्यांनी बुटाच्या पुढच्या भागाखाली बिजागरी बसवली, टाच मोकळी सोडली. त्यामुळे घोटा पूर्ण ताणून रेटा देतानाही पातं शेवटपर्यंत बर्फावर सपाट राहतं. हाच क्लॅप स्केट. तो घालून नेदरलँड्सच्या जियानी रोम्मेने १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर १३ मिनिटं १५.३३ सेकंदांत संपवले. चार वर्षांपूर्वी योहान ओलाव कोसने केलेल्या विश्वविक्रमापेक्षा १५ सेकंद कमी.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर एकाने विचारलं, ‘मग परीक्षेत काय लिहायचं?’ तारेचा प्रयोग आला तर पुनर्हिमायनच लिहा. स्केटिंग आलं तर सतराला एकशे पस्तीसने भागून दाखवा.