लोटस प्रेस ही ब्रॉडसाइडची शाखा नव्हती

अमेरिकन कवयित्री नेओमी लाँग मॅजेट यांच्यावरच्या लेखात त्यांच्या लोटस प्रेस या प्रकाशन संस्थेला ब्रॉडसाइड या दुसऱ्या प्रकाशन संस्थेची शाखा म्हटलंय, ते चूक आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये कवी डडली रँडल यांनी ब्रॉडसाइड 1965 मध्ये सुरू केली. लोटस 1972 ची, वेगळीच. मॅजेट यांचा कवितासंग्रह छापायला मित्रमंडळींनी ती उभारली आणि 1974 पासून मॅजेटबाईंनीच सांभाळली. दोन्ही संस्था एक झाल्या त्या थेट 2015 मध्ये. घोळ बहुधा तिथूनच झाला असावा.

मॅजेटबाईंचा पहिला संग्रह 1941 चा, म्हणजे वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षीचा, हे बरोबर. पण प्रकाशक म्हणून त्यांची नजर केवढी होती, ते लेखात येतच नाही. कवयित्री टोई डेरिकॉट यांचा पहिला संग्रह 1978 मध्ये लोटसनेच काढला. वीस कृष्णवर्णीय कवींचा संच तर शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शिकेसह काढला. त्या स्वतः डेट्रॉइटच्या शाळांत शिकवायच्या, त्यामुळे कविता वर्गात पोचायला काय लागतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कवितेची पुस्तकं खपतात हळूहळू, छपाईचे पैसे मात्र आधीच मोजावे लागतात. म्हणून 1993 मध्ये लोटसचं वितरण मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेलं, हे माझ्या मते शहाणपणाचंच झालं.

2001 मध्ये त्या डेट्रॉइटच्या राजकवी झाल्या, तेही लेखात जोडा.