घाट चढावा की उतरावा

२६ जानेवारी यंदा सोमवारी आली. म्हणजे सलग तीन सुट्ट्या, म्हणजे कुठेतरी गेलंच पाहिजे. अशा वेळी जो घरी राहतो त्याच्याकडे आमच्या सोसायटीत लोक काळजीनं बघतात. घरात मतदान झालं. मी आणि आई महाबळेश्वर, बायको आणि चिरंजीव दिवेआगर. आईला खरं तर समुद्र आवडतो, पण वाळू फरशीवर येते म्हणून तिचा विरोध. आमच्या नव्हे, तिथल्या खोलीच्या फरशीवर. निकाल राखून ठेवला आणि मी गाडी घेऊन गॅरेजात गेलो.

मेकॅनिक चाकाशी उकिडवा बसला. "कुठं जाणार, साहेब?"

"महाबळेश्वर. नाहीतर दिवेआगर."

"महाबळेश्वर असंल तर ब्रेक पॅड बदला. पसरणीचा घाट चढायचा-उतरायचा."

"आणि दिवेआगर असेल तर?"

"तरी बदला. ताम्हिणी हाय ना."

प्रश्न निदान अर्धा सुटला, असं वाटेपर्यंत शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून आवाज आला, "तळं बघायला महाबळेश्वर? का, कात्रजचं आटलं?"

माकडटोपी घातलेले एक काका. त्यांची स्कूटर समोर उघडून ठेवली होती आणि तिचे सगळे अवयव वर्तमानपत्रावर मांडले होते. म्हणजे काकांना भरपूर वेळ होता. मला नव्हता, पण माझी गाडीही जॅकवर चढली होती.

मी म्हटलं, "नुसतं तळं नाही हो. थंडी, स्ट्रॉबेरी..."

"स्ट्रॉबेरी सिग्नलला मिळते. थंडी माझ्या बाथरूममध्ये आहे. राहिलं काय? तळं. ते तरी देवानं केलेलं आहे का? १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी गावाला पाणी मिळावं म्हणून बांधलं. म्हणजे तुम्ही पैसे भरून पाण्याच्या टाकीत होडी चालवता."

वेण्णा तलावाला टाकी म्हटलेलं मला लागलं. लहानपणी तिथे वडिलांनी मला घोड्यावर बसवलं होतं. मी जरा चिडून म्हटलं, "मग दिवेआगरला काय आहे?"

"सोन्याचा गणपती! १९९७ साली बागेत खणताना निघाला."

"तो २०१२ साली चोरीला गेला."

"गेला ना!" काका विजयी मुद्रेनं म्हणाले. "म्हणजे चोरून न्यावं असं काहीतरी होतं. वेण्णा तलाव कोण चोरतंय?"

यावर काय बोलणार? मेकॅनिक गाडीखाली हसला. मी दाखवलं नाही, पण त्याच्या बिलातून ते हसणं वजा करायचं मी तिथेच ठरवलं.

"तुमचा गोंधळ मला कळत नाही," काका पुढे सरकले. "सावित्री नदी बघा. उगम महाबळेश्वरला, समुद्राला मिळते हरिहरेश्वरला. एका नदीला दोन्ही जमतं आणि तुम्हाला एक ठरवता येत नाही?"

"तिला बुकिंग करावं लागत नाही."

"ती उताराला लागते. तुम्हाला चढायची हौस आहे, तिथे तुमचं चुकतं."

माणूस तसा खोटं बोलत नव्हता, हीच अडचण होती. मागच्या वेळी पसरणीच्या घाटात आम्ही अडीच तास उभे होतो. मुलगा दोनदा ओकला. वर नाक्यावर प्रवासी कर माणशी मोजून घेतला, त्यात ओकलेल्याला सूट नव्हती. तलावापाशी होडीसाठी रांग, कणसासाठी रांग, आणि रांगेत पुढे-मागे सगळे कोथरूडचेच. पण म्हणून कोकण सुखाचं, असंही नाही. तिथे 'घरगुती' म्हणून ज्या घरात उतरलो त्याला अठरा खोल्या होत्या. मालकीणबाईंनी फोनवरच विचारलं होतं, "रविवारी दुपारी उकडीचे मोदक किती? आत्ताच सांगा." रविवारला अजून तीन आठवडे होते. तीन आठवड्यांनी मला भूक किती असेल हे मला माहीत असतं तर मी नोकरी कशाला केली असती? संध्याकाळी किनाऱ्यावर बघावं तर कोणीतरी नवी कोरी जीप थेट वाळूत घातलेली, भरतीचं पाणी चाकाला लागलेलं, आणि अख्खं गाव तिला दोरखंडानं ओढतंय. सूर्यास्ताकडे पाठ करून सगळे मोबाईलवर जीपचं चित्रीकरण करत होते. मीही केलं. पण राग येतो तो येतोच. सुट्टीचे तीन दिवस आले की दर दुप्पट, आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, आणि वर आपणच "मिळाली बुवा एकदाची" म्हणून आभार मानायचे.

तेवढ्यात काकांनी खिशातून डायरी काढली. "माझ्या ओळखीचे आहेत दिवेआगरला. सुरूच्या बनाला लागून घर. फोन लावू?" लावलासुद्धा. एकच खोली शिल्लक होती, दरही बरा होता. काकांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.

विवाहित माणसाच्या आयुष्यातली सगळी नुकसानं या वाक्यानं सुरू होतात. काकांनी नंबर लिहून दिला. मी रिक्षानं घरी आलो, आईला वाळूबद्दल अर्धा तास समजावलं, तिच्याकडून "मी चपला बाहेर काढीन" एवढी सवलत मिळवली आणि फोन लावला.

"अहो, गेली की ती खोली! पुण्याच्याच एका काकांनी घेतली आत्ता. कुठल्या तरी गॅरेजातून बोलत होते, मागे ठोकाठोकी चालली होती."

महाबळेश्वरला मिळाली शेवटी एक. जाहिरातीत तळं दिसतं. फोटो मोठा करून बघितला तर ते शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर साचलेलं पाणी असावं.

संध्याकाळी गाडी आणायला गेलो. पॅड नवे, बिल पूर्ण. हसणं वजा करायचा धीर झाला नाही. खुर्ची रिकामी होती, स्कूटर गेली होती. मेकॅनिकनं हात पुसले आणि गल्ल्याखालून एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत ती माकडटोपी, घडी घालून.

"काकांनी ठेवलीय तुमच्यासाठी," तो म्हणाला. "समुद्रावर लागत नाही म्हणले."