प्रिव्हॉक्सी बसवा, जाहिराती विसरा? जरा थांबा

क्रोममधला जुना यूब्लॉक ओरिजिन, म्हणजे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम), बंद पडल्यापासून एक सल्ला ग्रुपाग्रुपांतून फिरतोय: “एक्स्टेन्शनचा जमाना संपला. घरातल्या एका कॉम्प्युटरवर प्रिव्हॉक्सी टाका, प्रॉक्सीच्या जागी पोर्ट ८११८ भरा. मोबाइल, टीव्ही, यूट्यूब, सगळीकडच्या जाहिराती बंद. नेट वेगवान, आणि पाळतही संपली.” प्रिव्हॉक्सी हा प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम. तो मी स्वतः वापरतो, म्हणून तर हे वाचून जास्त चिडचिड होते.

एक्स्टेन्शनचा जमाना संपलेला नाही. फायरफॉक्सवर पूर्ण यूब्लॉक ओरिजिन चालतो. क्रोमसाठी त्याचीच ‘लाइट’ आवृत्ती आहे. ताकद कमी, पण अगदीच निकामी नाही.

“सगळ्या जाहिराती बंद”, खरी गोम इथे आहे. प्रिव्हॉक्सी ज्या इंटरनेट जंकबस्टर नावाच्या जुन्या प्रोग्रॅममधून निघाला, त्याच्या काळात पानं साध्या एचटीटीपीवरून यायची. प्रॉक्सी पान वाचायचा, बॅनर कापायचा, उरलेलं पुढे द्यायचा. आता जवळपास सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) जोडणीवर आहे. ब्राउझर प्रॉक्सीला एवढंच सांगतो, की अमुक सर्व्हरशी जोडून दे. पुढचं बोलणं त्याला ऐकू येत नाही. सोसायटीच्या वॉचमनला कुरियर कुठल्या कंपनीचं ते कळतं, खोक्यात काय आहे ते नाही, तसंच. जाहिरातीचा सर्व्हर वेगळ्या नावाचा असेल तर प्रिव्हॉक्सी त्याला गेटवरच अडवतो, आणि हे काम चोख करतो. पण बातमीच्याच सर्व्हरवरून आलेली जाहिरात किंवा अडवल्यावर उरलेली रिकामी चौकट त्याच्या हाताबाहेरची. यूट्यूबची जाहिरात आणि व्हिडिओ दोन्ही गूगलव्हिडिओ डॉट कॉमवरूनच येतात. ते नाव अडवलंत तर जाहिरात जाईल, तिच्यामागे व्हिडिओही.

यावर हमखास उत्तर येतं, “अहो, एचटीटीपीएस उघडायची सोय आहे की!” आहे, २०२० च्या ३.०.२९ आवृत्तीपासून. त्यासाठी स्वतःचं रूट सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची ग्वाही देणारं प्रमाणपत्र) तयार करून प्रत्येक ब्राउझरमध्ये बसवावं लागतं. मग न वगळलेली प्रत्येक साइट, अगदी बँकेचीसुद्धा, प्रॉक्सीत उघडी पडते. साइटचं स्वतःचं सर्टिफिकेट ब्राउझरला दिसतच नाही, ते तपासणं प्रॉक्सीवर सोपवलेलं असतं. आणि त्या सर्टिफिकेटची खासगी किल्ली ज्याच्या हाती लागेल, तो तुमच्या ब्राउझरला कुठलीही खोटी साइट खरी म्हणून खपवू शकतो. लेनोव्होच्या लॅपटॉपांवर आधीच टाकलेल्या सुपरफिश या प्रोग्रॅमचा २०१५ मधला गोंधळ याच जातीचा: जाहिराती घुसडायला रूट सर्टिफिकेट, आणि सगळ्या मशीनवर एकच किल्ली. फॉरवर्डमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

मोबाइल, टीव्ही? प्रिव्हॉक्सी मुळात १२७.०.०.१ वरच ऐकतो, म्हणजे त्याच कॉम्प्युटरपुरता. सेटिंग बदलल्याशिवाय दुसरं उपकरण जोडलंच जात नाही. शिवाय अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅप्स आपण टाकलेलं सर्टिफिकेट सहसा मानत नाहीत. टीव्हीसाठी पाय-होलसारखा डीएनएसवर (साइटच्या नावाचा पत्ता शोधतानाच) अडवणारा उपाय जास्त सोपा. यूट्यूबपुढे तोही हतबल.

वेगाचं अर्धं खरं. जे अडवलं ते उतरत नाही, तेवढी बचत. पण मजकूर गाळायचा असला की प्रॉक्सी पान आधी साठवून घेतो, मग पुढे सोडतो. पाळतीचं तर सोडाच: जिथे लॉग-इन केलंत, ती साइट तुम्हाला नावानिशी ओळखते.

माझ्याकडे ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन आहे. प्रिव्हॉक्सी फक्त ज्यांत एक्स्टेन्शन बसत नाही अशा एकदोन जुन्या प्रोग्रॅमसाठी ठेवलाय, आणि एचटीटीपीएस उघडायची सोय बंद.