इटालियन लादी आणि आमसुलाचं सार

घराचं काम काढलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न: "इटालियन टाकताय ना?" त्यात मान आहे. म्हणजे इटालियन संगमरवर. प्रत्यक्षात बरेचदा इटलीतल्या काराराचा ठोकळा जहाजाने येतो आणि त्याची लादी होते राजस्थानात, किशनगडला. आपल्या संगमरवराचं गाव मकराणा तिथून जवळच. ताजमहालाला मकराणा चालला, आपल्या टू बीएचकेला चालत नाही.

शोरूममध्ये लादीवर असे दिवे सोडलेले असतात की त्या उजेडात काहीही देखणं दिसतं, दर सांगणारा माणूससुद्धा. मी म्हणतो, आधी लादीची पाठ बघा. तिथे फायबरची जाळी आणि रेझिनचा थर असतो. या दगडात शिरा फार, जाडी जेमतेम 16 ते 18 मिलिमीटर. जाळी नसेल तर ट्रकमधून उतरतानाच दोन तुकडे. पुढे हीच जाळी मिस्त्रीला छळते. ठेवली तर सिमेंट नीट धरत नाही, लादी बद्द वाजते. काढली तर शिरेवर तडकते. यावर उपाय लादी चिकटवायच्या चांगल्या ॲडहेसिव्हचा, पण तो सुचवला की मिस्त्री "आजवर कुणाची तक्रार नाही" म्हणत करडं सिमेंट कालवायला घेतो. पांढऱ्या लादीखाली करडं सिमेंट गेलं की ओल वर चढते आणि डाग घेऊनच येते. व्हाइट सिमेंटची गोणी आपणच आणून ठेवावी. मग पॉलिश: एकेक नंबरचा दगड बदलत अनेक हात, त्याचा दर वेगळा, आणि घासणीचं पांढरं पाणी थेट शेजाऱ्यांच्या दारापर्यंत.

एवढं करून जमिनीवर येतं काय, तर कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, ताक, आमसुलाचं सार, काहीही सांडलं की चकाकी गेली. हा डाग नसतो, दगडच खाल्लेला असतो; पुसून काय जाणार? मकराणाही यातून सुटत नाही. आता आंबट वर्ज्य केलं तर मराठी स्वयंपाकघरात उरतं काय? ओट्याला ग्रॅनाइटच घ्यावा.

गुजरातेतल्या मोरबीच्या व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या टाइलवर खुशाल लिंबू पिळा. पाणी शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत. खोक्यावरचं नाव इटलीतल्या गावासारखं असतं, तिकडे लक्ष देऊ नये. बघायचा तो बॅच आणि शेडचा नंबर, सगळ्या खोक्यांवर एकच. दहा टक्के माल जास्तीचा, तोही तेव्हाच. नंतर तीच शेड मिळेल या भ्रमात राहू नये. 4 बाय 2 फुटांची टाइल मध्ये किंचित फुगीर असते. विटेसारखी अर्ध्यावर सांधली तर कडा वर येतात आणि रोज अंगठा ठेचतो. एक तृतीयांशावर सांधा.

परदेशी रेन शॉवरचं दुःख निराळं. त्याला बहुधा एक बार दाब लागतो, म्हणजे टाकी दहा मीटर वर हवी. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्यापासून तीन-चार मीटरवर. पाऊस कसला, अभिषेक होतो.

बिजागऱ्यांना मात्र मी हात जोडतो. सॉफ्ट क्लोज हवं तर ऑस्ट्रियन किंवा जर्मन घ्या, पैसे वसूल. फक्त स्क्रू चांगल्या प्लायवूडमध्ये बसवा. भुशाच्या बोर्डात बसवले आणि सिंकखाली ओल आली, तर दार अगदी हळुवार मिटतं आणि पुढच्या वेळी बिजागरीसकट हातात येतं.